ओव्हर म्हटल्याशिवाय बोलायचं नाही

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. घरात प्लास्टिकच्या पिशव्या जमतात तसे ते जमतात. एकीत दुसरी, दुसरीत तिसरी, आणि एक ओढायला जावं तर सगळा गठ्ठा अंगावर येतो. परवा भाजीबाजारात माझ्या शेजारची बाई मेथीची जुडी मोबाइलसमोर धरून सिंगापूरच्या सुनेला विचारत होती, "अशी कोवळी मिळते का गं तुमच्याकडे?" मला हसू आलं, आणि माझा गठ्ठा बाहेर आला.

तर सांगते. सिडकोत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं सायबर कॅफे होतं. सहा कॉम्प्युटर, एक कूलर आणि कोपऱ्यात प्लायवूडची केबिन. केबिनच्या दारावर मीच स्केचपेनने लिहिलेली पाटी होती, 'इंटरनेट फोन. परदेशात बोला.' आमचे हे सातपूरला कंपनीत, मी सहा महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स केलेली. हा धंदा चालणार नाही यावर आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांचं एकमत होतं. एरवी त्यांचं कशावरच होत नसे.

पण नेटवरून परदेशी फोन करायला नुकतीच परवानगी मिळाली होती आणि ज्यांची मुलं बाहेर गेली होती असे आईबाप गल्लोगल्ली होते. ते सगळे माझ्याकडे यायला लागले. बहुतेक सकाळी सात-साडेसातला, कारण अमेरिका-कॅनडातली मंडळी तेव्हा जेवूनखाऊन घरात सापडायची.

* * *

केबिनचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे नामपूरच्या बच्छाव मावशी. मुलगा मस्कतला फिटर, मावशी सिडकोत मुलीकडे राहायला आलेल्या. मी त्यांच्या डोक्यावर पदरावरूनच हेडफोन चढवला, माइक तोंडासमोर आणला आणि नंबर लावला. तिकडून मुलगा हॅलो हॅलो करतोय आणि मावशी गप्प. दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसत्या स्क्रीनकडे बघतायत.

मी म्हटलं, मावशी, बोला ना. त्यांनी रिकामे हात उलटेसुलटे करून मला दाखवले.

"हातमा काईच नई शे. मंग बोलू कसं?"

आमच्या माळ्यावर जुन्या एसटीडी बूथचा एक काळा रिसीव्हर पडून होता, वायर तुटलेला. तो आणून मी त्यांच्या हातात दिला. मावशींनी तो हेडफोनवरूनच कानाला लावला आणि पुढची अकरा मिनिटं श्वास न घेता बोलल्या. कांद्यापासून जावयापर्यंत सगळं झालं.

हा किस्सा मी सबनीस साहेबांना सांगितला. ते बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले, मुलगी न्यू जर्सीला. ते खूप हसले. अडाणीपणाची कमाल आहे, म्हणाले. मग स्वतः केबिनमध्ये गेले. दोन-तीन मिनिटांनी दार एवढंसं उघडलं आणि साहेबांचा हात बाहेर आला.

"तो रिसीव्हर जरा द्या इकडे. उगाच हात मोकळे राहतायत."

तेव्हापासून तो रिसीव्हर केबिनमध्येच राहिला. कॉम्प्युटरवरची धूळ मी आठवड्यातून एकदा पुसायचे, रिसीव्हर मात्र रोज.

* * *

त्या काळच्या नेटफोनची एक गंमत होती. इकडे बोललेलं तिकडे पोचायला दीड-दोन सेकंद लागायचे. त्यामुळे दोघं एकदम बोलायला सुरुवात करत, दोघं एकदम थांबत, मग दोघं एकदम "बोल, बोल" म्हणत. एकदा सबनीस साहेबांचं आणि मुलीचं मोजक्या मिनिटांचं अख्खं प्रीपेड कार्ड "तू बोल", "नाही, बाबा, तुम्ही बोला" यातच संपलं होतं. बाहेर येऊन साहेब म्हणाले, मुलगी मजेत आहे. हे त्यांना कसं कळलं ते मी विचारलं नाही.

यावर औषध शोधलं शिरसाठकाकांनी. काका ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षं विमानांचे रेडिओ तपासण्यात गेली. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. मला ते मॅडम म्हणायचे, कारण त्यांच्या मते टेबलाच्या पलीकडे बसलेली बाई म्हणजे मॅडमच. आठवडाभर त्यांनी लोकांचे हाल पाहिले आणि एका सकाळी स्वच्छ अक्षरात लिहिलेला कागद आणून माझ्या पाटीवर चिकटवला.

'एक. आपले वाक्य पूर्ण करावे. दोन. वाक्य संपताच ओव्हर म्हणावे. तीन. समोरच्याचे ओव्हर ऐकू येईपर्यंत तोंड उघडू नये.'

मी म्हटलं, काका, लोक कशाला ऐकतील? पण काका नुसता कागद लावून थांबणाऱ्यांतले नव्हते. ते केबिनबाहेर खुर्ची टाकून बसायला लागले. आत कोणी मध्येच बोललं की प्लायवूडवर टकटक करायचे. महिन्याभरात माझं सगळं गिऱ्हाईक सरळ झालं. मस्कत, न्यू जर्सी, कुवेत, सगळीकडची मुलं ओव्हर म्हणायला लागली.

सर्वांत जास्त फायदा झाला सबनीस काकूंचा. साहेब घरात कुणाला वाक्य पुरं करू देत नसत, ही त्यांची जुनी तक्रार. काकूंनी एके दिवशी जेवताना भाजीबद्दल काहीतरी सांगितलं आणि शेवटी ठासून ओव्हर म्हटलं. सवयीने साहेब त्या ओव्हरपर्यंत थांबले. दुसऱ्या दिवशी काकू मुद्दाम मला भेटायला आल्या, हातात बेसनाच्या लाडवांचा डबा.

"उज्ज्वला, एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझं वाक्य संपलं गं."

* * *

आता तुम्ही म्हणाल, हे शिरसाठकाका स्वतः कुणाशी बोलायचे? तर कुणाशीच नाही.

त्यांचा एकुलता मुलगा महेश टोरांटोला. काकांनी खटपट करून त्याला आपल्याच कारखान्यात चिकटवलं होतं, आणि दोन वर्षांत त्याने ती नोकरी सोडून कॅनडाचा रस्ता धरला. घरात मोठं भांडण झालं. जाताना तो पाया पडायला वाकला तर काका म्हणाले, आता माझ्याशी बोलू नकोस. त्याने ते ऐकलं. आयुष्यात वडिलांचं ऐकलं ते एवढंच, असं शिरसाठकाकू म्हणायच्या. त्याला पाच वर्षं झाली होती.

काकू दर रविवारी सकाळी माझ्या केबिनमधून मुलाशी बोलायच्या. काका बाहेर खुर्चीवर. पण काकूंच्या हातात काकांच्या अक्षरातला कागद असायचा, मुद्द्यांसह. थंडीचे बूट घेतले का. गाडीचा विमा भरला का. दातांचं काय झालं. काकू एकेक मुद्दा वाचायच्या, ओव्हर म्हणायच्या, आणि उत्तर आलं की मोठ्याने परत उच्चारायच्या, म्हणजे प्लायवूडच्या अलीकडे नीट ऐकू यावं. अशी दोन माणसं पाच वर्षं बोलत नव्हती, आणि तरी एकाला दुसऱ्याची अक्कलदाढसुद्धा पाठ होती.

काका रोज सकाळी चार नंबरच्या कॉम्प्युटरवर दहा मिनिटं बसायचे. पेपर वाचतो म्हणायचे. ते गेल्यावर मशीन बंद करताना मला दिसायचं की त्यांनी फक्त टोरांटोचं हवामान बघितलंय. मला फार वाईट वाटायचं आणि रागही यायचा. एवढा सगळ्या जगाला बोलायला शिकवणारा माणूस, आणि स्वतः उणे अकरा, उणे चौदा वाचत बसतो. एकदा मी म्हटलंच, काका, कागद लिहिता तर एकदा स्वतः वाचा ना. ते म्हणाले, मॅडम, नियम असा आहे की ज्याची पाळी असते त्याने आधी बोलायचं. आणि पाळी समोरच्याची आहे, असं दोघांनाही वाटत होतं.

* * *

मध्ये पंचवटीतल्या एका गुरुजींचा किस्सा सांगते, नाहीतर राहून जाईल.

कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या यजमानाला घराची वास्तुशांत करायची होती आणि तिकडे हवा तसा गुरुजी मिळेना. म्हणून आमचे गुरुजी सोवळं नेसून सकाळी साडेसहाला माझ्या केबिनमध्ये. काकांचा नियम त्यांनी भक्तिभावाने पाळला. "आचमन करा, ओव्हर. उजव्या हाताने पाणी सोडा, ओव्हर." मंत्र म्हणायचे, ओव्हर म्हणायचे, मग दोन सेकंद डोळे मिटून पलीकडच्या पाण्याची वाट बघायचे. सगळं यथासांग चाललं होतं. आरती सुरू झाली आणि कार्ड संपलं, फोन कट.

मी दारातून खुणेने सांगितलं की बंद पडलाय. गुरुजींनी तळहात दाखवून मला थांबवलं. सुरू केलेली आरती मध्ये सोडता येत नाही! त्यांनी केबिनचं दार सताड उघडलं आणि खणखणीत आवाजात पुढे चालू केली. तेव्हा कॅफेत इंजिनीअरिंगची चार मुलंमुली अनोळखी लोकांशी चॅटिंग करत होती. ती बिचारी उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली. माझे सासरे आतून घंटा घेऊन आले. मंत्रपुष्पांजली झाली, सगळ्यांनी स्क्रीनला नमस्कार केला.

मग एका मुलीने ओंजळ पुढे करून विचारलं, गुरुजी, प्रसाद? गुरुजींनी शांतपणे कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

"तो तिकडे आहे."

* * *

सुरगाण्याकडून महिन्यातून एकदा एक जीप यायची. त्या घरातली सुमन नर्स होती, कुवेतला. तिच्याशी बोलायला तिचे आईवडील, दोन भाऊ, भावजया, मावशी आणि आत्या असे आठ जण यायचे. येताना माझ्यासाठी नागलीचं पीठ. हेडफोन एक, माणसं आठ आणि वेळ दहा मिनिटं. पहिल्या वेळी सगळ्यांनी मिळून जो गोंधळ घातला त्यात सुमनला फक्त मावशीचा खोकला ऐकू आला.

पुढच्या खेपेला काकांनी त्यांची रांग लावली. प्रत्येकाने एक वाक्य आणि ओव्हर, हेडफोन पुढच्याच्या डोक्यावर. मग काय, गाडी रुळावर आली. आईने जेवणाचं विचारलं, भावाने भाताचं सांगितलं, भावजयीने नव्या बाळाचं. शेवटी वडील. हा माणूस जीपमधून उतरल्यापासून एक शब्द बोललेला नव्हता. आवळलेला चेहरा, हातात टोपी. काकांनी स्वतः त्यांच्या डोक्यावर हेडफोन ठेवला. त्यांनी हातातली टोपी मांडीवर ठेवली. बाकी सातही जण केबिनच्या दाराशी दाटून उभे.

"समदी बोलली. मी पन इथंच हाय. ओव्हर."

कुवेतहून काय उत्तर आलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण हेडफोन काढून दिला तेव्हा त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. काका त्या दिवशी हवामान न बघताच घरी गेले.

* * *

मग लोडशेडिंगचे दिवस आले. एका सकाळी बच्छाव मावशी केबिनमध्ये असताना लाइट गेले. माझा यूपीएस तोळामासा प्रकृतीचा, त्याने दोन मिनिटं टूं टूं करून मान टाकली. आत अंधार, कॉम्प्युटर बंद, आणि मावशींचं बोलणं चालूच. काळा रिसीव्हर कानाला, डोळे मिटलेले. मुलाने दारू सोडावी, पैसे जपावेत, बायकोला पत्र लिहावं, सगळं.

मी सांगायला निघाले तर काकांनी मला अडवलं. म्हणाले, मॅडम, राहू द्या. मग हळूच विचारलं, "तिकडे आता काहीच जात नाही ना?" मी म्हटलं, शब्दसुद्धा नाही. ते केबिनकडे बघत राहिले.

पाऊण तासाने मावशी घाम पुसत बाहेर आल्या. इतक्या खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"आज पोऱ्यानी समदं गुपचूप ऐकी लिधं!"

यानंतर आठवड्याभराने असेच लाइट गेले होते. मी आतून चहा घेऊन आले तर केबिनचं दार बंद आणि आत कोणीतरी बोलतंय. शब्द कळत नव्हते, मध्ये मध्ये ओव्हर तेवढं ऐकू यायचं. दार उघडून शिरसाठकाका बाहेर आले. माझ्या हातातले दोन कप बघून म्हणाले, कनेक्शन तपासत होतो. मी म्हटलं, बरं केलंत. लाइट नसताना कनेक्शन तपासणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

* * *

आता शेवटचा.

महेशच्या बायकोला दिवस गेले आणि शिरसाठकाकू बाळंतपणासाठी सहा महिने टोरांटोला निघाल्या. तिकीट दोघांचं काढतो असा महेशचा निरोप होता. काकांनी विचारलं, निरोप कुणाला आहे? काकू म्हणाल्या, मला. मग तू जा, असं म्हणून काकांनी त्यांच्या बॅगेला कुलूप लावून दिलं. आणि काकू गेल्या.

पंचाईत अशी झाली की आता काकांना बायकोशी बोलायचं तर फोन मुलाच्या घरी लावावा लागणार. त्यावर त्यांनी पद्धत काढली. दर रविवारी साडेसातला हेडफोन मी घालायचा, नंबर मी लावायचा, महेशने उचलला की 'काकूंना द्या, ओव्हर' मी म्हणायचं. काकूंचा आवाज आला की हेडफोन काकांना द्यायचा आणि बाहेर जायचं. असं तीन महिने चाललं. महेश बिचारा दर वेळी मला विचारायचा, बरे आहेत ना सगळे? मी म्हणायचे, सगळे बरे आहेत. काका शेजारी रिसीव्हर हातात धरून भिंतीकडे बघत बसलेले असायचे.

बाळ होऊन आठ दिवस झाले होते तेव्हाचा रविवार. काका नवा शर्ट घालून आले होते. खिशातून मुद्द्यांचा कागद काढून त्यांनी कीबोर्डवर ठेवला. वजन. नाव काय ठरलं. नाक कुणासारखं. मी नंबर लावला. आमच्या स्क्रीनवर लाइन कशी आहे ते दाखवणाऱ्या पाच हिरव्या काड्या असायच्या, एरवी दोन-तीन दिसायच्या. त्या दिवशी पाचच्या पाच लागल्या होत्या.

महेशने उचलला. मी नेहमीसारखं म्हटलं, काकूंना द्या, ओव्हर. दोन सेकंद गेले. मग तो म्हणाला, "वहिनी, आई इथेच बसलीय, पण फोनवर येत नाही म्हणते. बाळाला घेऊन बसलीय, हात मोकळे नाहीत म्हणे. बाबा आहेत का तिथे? ओव्हर."

मी हेडफोन काढला आणि काकांच्या डोक्यावर ठेवला. ते समजले, काकू आल्या. त्यांनी चष्मा लावला, कागद उचलला, रिसीव्हर कानाशी नेला. मी दार ओढून घेतलं, पण फट ठेवली. ती चूक होती हे मला माहीत आहे.

पलीकडे काकूंऐवजी महेशचाच आवाज असणार. काकांचा कागदाचा हात हळूहळू खाली आला. ओव्हर येईपर्यंत तोंड उघडू नये, हा त्यांचाच नियम, आणि पलीकडून तो शब्द यायचा होता. मग तो आला असावा, कारण काकांनी घसा साफ केला.

आणि ते बोलायला लागले. हळू सुरुवात केली, मग आवाज चढला, मग उतरला. बोलता बोलता थांबून ऐकायचे आणि ऐकता ऐकता मध्येच तोंड घालायचे. "नाही, नाही, ऐक" म्हणायचे आणि पलीकडचं चालू असतानाच स्वतःचं सुरू करायचे. दोन्ही बाजू एकाच वेळी बोलत असणार, कारण बाहेरून ते धड भांडणही वाटत नव्हतं आणि धड गप्पाही. आता कुणाची पाळी, हा हिशेबच उरला नव्हता. बाहेर सबनीस साहेब त्यांच्या पाळीसाठी येऊन बसले होते. ते कान देऊन ऐकत होते. शेवटी त्यांना राहवेना. त्यांनी काकांचीच पद्धत वापरून प्लायवूडवर टकटक केली. आत बोलणं तसंच चालू राहिलं.

कार्ड संपेपर्यंत काकांनी एकदाही ओव्हर म्हटलं नाही.

पंचवीस मिनिटांनी ते बाहेर आले. हेडफोनमुळे केस उभे राहिले होते, शर्टाची बाही ओली होती. तुटक्या वायरचा रिसीव्हर अजून हातातच होता. तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला, मुद्द्यांच्या कागदाची घडी करून खिशात घातली आणि सबनीस साहेबांकडे न बघता मला म्हणाले,

"मॅडम, आज लाइन फारच खराब होती. काही म्हणजे काही समजलं नाही. उद्या सकाळी परत लावून द्या."